एक मॅच खेळल्याशिवाय सीडी नाही

महिना संपत आला तरी डब्यात साखर शिल्लक दिसायला लागली, तेव्हा माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं की आमच्याकडे आता कोणी येत नाही. आधी तीच साखर पंधरवड्यात तळ दाखवायची आणि मी भावाच्या मित्रांच्या नावानं बोटं मोडत किराणा दुकान गाठायचे. आई म्हणायची, येणाऱ्यांच्या नावानं बोटं मोडू नये. मी म्हणायचे, मग काय त्यांची दृष्ट काढू? आता वाटतं, काढायला हवी होती.

भंडाऱ्याकडच्या कोंढ्याला आम्ही तिघं राहतो. आई, मी आणि माझ्या पाठचा भाऊ. मी जवळच्या आरोग्य केंद्रात औषधं देते. भावाला जन्मापासून सिकलसेल. आमच्या भागात या आजाराचं कोणाला नवल नाही, पण नवल नाही म्हणून दुखणं काही कमी होत नाही. थंडी पडली की त्याची हाडं ठणकायला लागतात, आणि अशा वेळी तो भिंतीकडे तोंड करून पडून असतो. ऐन तारुण्यात त्याच्या खुब्याचा सांधा गेला. काठी घेऊन फाटकापर्यंत जातो आणि परत येतो. बरोबरीची पोरं धानाच्या रोवण्याला गेली, कामाला लागली, गाड्या घेतल्या, पोरी बघायला गेली. हा खाटेवर. लोक घरी यायचे, त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि मला विचारायचे की याचं पुढे काय. त्याच्या समोर विचारायचे. मी त्यांना चहा द्यायचे आणि मनातल्या मनात शिव्या द्यायचे.

नोकरी लागल्यावर मी नागपूरहून त्याला टीव्हीला जोडायचा गेम आणून दिला. जुनाच होता. काळा डब्बा, दोन रिमोट, त्यातल्या एकाचं बटण अडकायचं. सोबत फुटबॉलची एक सीडी. मला वाटलं होतं, पडल्या पडल्या त्याचा वेळ जाईल. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि आजही कळत नाही. मला एवढंच दिसलं की त्या डब्यात सीडी घालायला एक फट आहे, आणि त्या फटीतून पुढे माझ्या भावाच्या खोलीत अख्खा तालुका आला.

ते असं झालं. तेव्हा गोसीखुर्दच्या धरणाचा मोबदला आसपासच्या घरांत येऊन पडला होता आणि काही पोरांनी त्यातून असेच डब्बे घेतले होते. अड्याळच्या बाजारात ज्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं, त्या पोराकडेही होता. डब्बे होते, पण सीड्या महाग. एकट्याला परवडत नव्हत्या. मग आमच्याकडे जी कशालाही करतात तीच तोड निघाली, वर्गणी. सगळ्यांनी मिळून एक सीडी घ्यायची आणि आळीपाळीनं घरी न्यायची. जसं एकमेकांच्या रोवण्याला जातात, आज तुझी धानाची बांधी, उद्या माझी, तसंच. प्रश्न एकच होता, सीडी ठेवायची कोणाकडे? कोणी रानात, कोणी दुकानात, कोणी कॉलेजात. कधीही गेलं तरी घरी सापडेल असा माणूस एकच होता.

सीड्या माझ्या भावाकडे आल्या. आधी एक, मग खोक्यात मावेनात इतक्या. मी औषधांची रिकामी खोकी आणून दिली आणि त्यानं त्यांत त्या नीट लावून ठेवल्या. आणि मग त्यानं स्वतःचा एक नियम काढला. पैसा नको, काही नको. जुनी सीडी परत करायची, नवी न्यायची, पण जायच्या आधी त्याच्याशी एक मॅच खेळायची. एक मॅच खेळल्याशिवाय सीडी नाही. कोणाला घाई असली तरी नाही, कोणी बाहेर गाडीवर बायको थांबवून आला असला तरी नाही. तशा एकीला मीच आत बोलावून बसवलं होतं, आणि ती भलतीच रागावली होती.

एक मॅच म्हणता म्हणता तीन व्हायच्या. दोघं खेळायचे, बाकीचे नंबर लावून जमिनीवर बसायचे. कोणाचं लग्न जुळलं, कोणाच्या धानाला तुडतुडा लागला, दिवाळीनंतर अड्याळच्या मंडईच्या जत्रेत यंदा नाचगाण्याची कोणती दंडार येणार, कोण कोणाशी बोलत नाही, सगळं त्या खोलीत यायचं. मी पायांनी चालणारी बाई, रोज शंभर माणसांना गोळ्या देणारी, पण गावातली बातमी मला खाटेवरच्या भावाकडून कळायची. धरणात ज्याचं गाव गेलं आणि जो आता पुनर्वसनाच्या वस्तीत राहायचा, तो पोरगा येताना पिशवीत धरणातले झिंगे आणायचा. एकाच पिशवीत सीडी आणि झिंगे. आमच्या सगळ्या सीड्यांच्या डब्यांना वास लागला होता. मी ओरडायचे, तो हसायचा आणि म्हणायचा, "ताई, वासावरून कळते न कोणी नेली होती ते."

त्या खोलीत माझ्या भावाला कोणी बिचारा म्हणत नव्हतं. हरला की शिव्या घालत होते, जिंकला की त्याहून जास्त. त्याचं पुढे काय, असं त्या पोरांपैकी कोणीही मला कधी विचारलं नाही. त्याचं काय चाललंय ते त्यांना रोज समोर दिसत होतं. दुखणं उठलं की तो अडकणाऱ्या बटणाचा रिमोट स्वतः घ्यायचा, आणि हरला तर दोष बटणाला. मला हे सगळं तेव्हा कटकट वाटायचं. किती भांडी, किती पायताणं दारात.

बिघडलं ते आमच्याकडे काही झालं म्हणून नाही. दूर कुठल्या तरी देशांत, काचेच्या इमारतींत बसलेल्या लोकांनी ठरवलं की सीडी आता नको. भाऊ फोनवर बातम्या वाचून मला सांगायचा. मी भाकरी थापत ऐकायचे. आधी त्यांनी फट असलेला आणि फट नसलेला असे दोन डब्बे काढले, फट नसलेला स्वस्त. मग दुकानात सीडीचं खोकं मिळायचं, पण उघडलं की आत सीडी नाही, आकडे लिहिलेली चिठ्ठी. ते आकडे टाकायचे आणि गेम नेटवरून उतरवून घ्यायचा, तो तुमच्या खात्याला चिकटला. मित्राला देता येत नाही, विकता येत नाही. मग महिन्याचं भाडं आलं. भाडं भरा, हवे ते गेम खेळा, पण कुठला गेम कधी काढून घेतील ते त्यांच्या मर्जीवर. भाडं भरणारा भावाचा एक मित्र एका गेममध्ये अर्ध्यावर पोचला होता आणि तो गेम महिनाअखेर जाणार होता. मुदतबाह्य होणारी औषधं मी रोज बघते, पण खेळाला मुदत असते हे मला तेव्हा कळलं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे एका टीव्हीवर दोघांनी शेजारी बसून खेळायची सोय एकेका गेममधून जायला लागली. दोघांना खेळायचंय? दोन डब्बे घ्या, दोन टीव्ही घ्या, दोन घरांत बसा, कानाला हेडफोन लावा. हे सगळं करताना ते सांगत होते की आता जगात कुठूनही, कोणाशीही खेळता येईल. लोकांना हेच पाहिजे, असं ते म्हणत. कोणत्या लोकांना विचारलं होतं ते देव जाणे. आमच्या खोलीत तर कोणी विचारायला आलं नव्हतं.

तरी सीड्या होत्या तोवर चाललं. जुने डब्बे, जुन्या सीड्या, फिरत होत्या. येणारे कमी झाले होते. कोणी पुण्याला गेला, कोणी संसारात पडला. तरी दिवाळीला, मंडईला, खोली भरायची.

अशाच एका मंडईच्या दिवसांत ती सगळी पोरं दुपारी एकदम आली. पोरं कसली, आता बाप्ये झाले होते. कापडदुकानवाल्यांचा तो अड्याळचा पुण्याहून आला होता, पोट सुटलं होतं. त्याच्या हातात मोठं खोकं. त्यांनी वर्गणी केली होती. सीडीसाठी करायचे तशीच, पण या वेळी माझ्या भावासाठी. नवा कोरा गेम, पांढरा डब्बा. वर्षाचं भाडं भरलेलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला सांगू.

भावानं डब्बा मांडीवर घेतला. उलटा केला, आडवा केला, चारही कडांवरून बोट फिरवलं.

"सीडी कुठून टाकाची बे?"

सगळे हसले. "सीडीच नाई लागत भाऊ," अड्याळचा म्हणाला. "सप्पा गेम आतच हायेत. आता तुले कोणाची वाट पाहाची गरज नाई."

भाऊही हसला. मग त्यानं विचारलं, "अन् तुमी?"

"आमी आपआपल्या घरून खेळतो न. आमी बी असेच डब्बे घेतले. खातं एकच उघडलं सगळ्यांचं, तुया नावानं. पासवर्ड तुयापाशी. सीड्या कशा तुयापाशी रायत होत्या, तसंच."

त्यांना खरंच वाटत होतं की तसंच आहे. हे मला आजही छळतं. त्यांनी काही कपट केलं असतं तर मी त्यांना चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण जी एक गोष्ट माझ्या भावाकडे माणसं आणत होती, तीच त्यांनी प्रेमानं वर्गणी काढून बंद केली, आणि वर पेढे वाटले. मी चहा केला. त्या दिवशी सगळे कप लागले. नंतर लागले नाहीत.

मग फोन सुरू झाले. कोणाच्या डब्यावर खातं नव्यानं उघडायचं झालं की भावाच्या फोनवर आकडे यायचे, ओटीपी. सुरुवातीला पोरं आधी तब्येत विचारायची, आईचं विचारायची. मग नुसतं, "भाऊ, ओटीपी सांग न." हा आकडे सांगायचा. तिकडून "झालं, झालं" आणि फोन बंद. एकदा त्यानं आकडे सांगून पुढे विचारलं, "अन् यंदा धान कसा हाय?" तिकडे कोणी नव्हतं. फोन कानाला तसाच धरून तो बसला होता. मी दारात होते. तो मला म्हणाला, "रेंज गेली वाटते." पण तसं काही नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं.

त्यात आणखी एक भानगड. एक खातं एका वेळी एकानंच वापरायचं, असा त्या कंपनीचा कायदा. एकानं गेम लावला की दुसऱ्याचा बंद. पोरांची आपसांत कुरकुर सुरू झाली. मग त्यांनी फोनवरच पाळ्या ठरवल्या. माझ्या भावाला सांगितलं, "तू दिवसा खेळ. तू त घरीच रायते." हेच वाक्य आधी त्याला मान मिळवून देत होतं. घरीच असतो म्हणून सीड्या त्याच्याकडे. आता घरीच असतो म्हणून संध्याकाळी त्याला त्याच्याच खात्यात जागा नाही. मला इतका संताप आला की मी फोन हिसकावून घेतला. त्यानं तो परत मागितला. "ताई, तुले नाई कळत," म्हणाला.

पावसाळ्याच्या अखेरीस एक दिवस अड्याळच्याचा फोन आला. त्यानं आणखी एक डब्बा घेतला होता, त्यावरही खातं उघडायचं होतं. भाऊ खाटेवर उठून बसला आणि म्हणाला, "घरी येऊन घेऊन जा."

"काय?"

"ओटीपी. घरी ये, एक मॅच खेळ अन् घेऊन जा."

फोन स्पीकरवर होता. तिकडे तो हसला. "भाऊ, मी पुण्याले हावो. अन् दहा मिन्टांत मरते तो ओटीपी. मी भंडाऱ्याले पोचतो का तवरक?"

"मंग दिवाळीले येजो. तवा घेजो."

 मग तो म्हणाला, "बरं बरं, पाहून घेतो मी." त्याच्या आवाजात राग नव्हता, घाई होती. त्या दिवसानंतर भावानं दुसऱ्या सगळ्यांनाही तेच सांगितलं. घरी येऊन घेऊन जा. मला वाटलं, एक तरी येईल. कोंढ्याहून हाकेच्या अंतरावर राहणारेही त्यांत होते. कोणी आलं नाही. त्यांनी आपसांत ठरवून वेगळं खातं उघडलं. हे मला दुसरीकडून कळलं आणि मी भावाला सांगितलं नाही. पण फोन यायचे थांबले, त्यावरून तो समजला.

झिंगे आणणारा तो धरणवाला मला आरोग्य केंद्रात भेटला. लेकीला ताप होता म्हणून घेऊन आला होता. "भाऊ कसा हाय ताई?" त्यानं विचारलं. मी गोळ्या मोजत म्हणाले, "घर तेच आहे. रस्ताही तोच आहे." त्याचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं. इतकी कडू झाले आहे मी.

आणि तो आला, हे सांगायला पाहिजे. पुढच्या रविवारी पिशवीत झिंगे घेऊन आला. भावानं दाढी केली होती. दोघांनी आधी जुना काळा डब्बा काढला. खोक्यातून सीडी काढून शर्टाला पुसली, फटीत घातली. आत कुरकुर झाली आणि सीडी बाहेर. पुन्हा पुसली, पुन्हा घातली, पुन्हा बाहेर. धूळ खाऊन आतली सीडी वाचणारी काच गेली होती. दुरुस्त करायला आता नागपुरातही कोणी घेत नाही, मी आधीच विचारून आले होते. मग नवा पांढरा डब्बा लावला. त्याला रिमोट एकच. जुने रिमोट नव्या डब्याला चालत नाहीत. धरणवाला म्हणाला, "मी येताना माया घरचा आणाले पाहिजे होता." मग म्हणाला, "राहू दे, तूच खेळ. मी पाहतो."

माझा भाऊ खेळला आणि तो बघत बसला. थोड्या वेळानं त्यानं खिशातून फोन काढला. मी चहा घेऊन आत गेले तेव्हा दोघं दोन वेगवेगळ्या पडद्यांकडे बघत होते. चहा पिऊन तो उठला, "येतो ताई" म्हणाला. दारात मला वाटलं की तो काही बोलेल. गाडी सुरू करताना बोलला. "आमचं गाव उठवलं तवा बी असंच झालं. घर मोठं भेटलं. पण बसाची जागा नाई भेटली." मी फाटक लावून घेतलं. झिंगे साफ करताना मला रडू आलं, आणि ते झिंग्यांसाठी नव्हतं.

त्यानंतर मी एकदा भावाला म्हणाले की या सीड्यांची खोकी माळ्यावर टाकू का.  खोकी अजून खाटेखाली आहेत. तो अधूनमधून फडक्यानं पुसतो. त्याच्या दुखण्याचे दिवस वाढले आहेत आणि डॉक्टर औषध वाढवतात. मी स्वतःच ते घरी घेऊन येते. या बाकीच्या दुखण्यावर आमच्या केंद्रात काही येत नाही.

आणि आता परवाची गोष्ट. सुट्टी होती. दुपारी मी त्याच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत बसले होते. भाऊ फुटबॉल खेळत होता, एकटाच, यंत्राविरुद्ध. रंगात आला होता. बऱ्याच दिवसांनी तोंडातून शिवी निघाली म्हणून मीही हसले. तेवढ्यात पडदा थिजला आणि वर इंग्रजीत पाटी आली. हे खातं दुसऱ्या डब्यावर वापरलं जात आहे, म्हणून तुमचा खेळ बंद करत आहोत. म्हणजे त्यांच्यापैकी कोणाच्या तरी डब्यावर जुनं खातं राहून गेलं होतं, आणि त्यानं ते लावलं होतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हातातला टॉवेल मी खाटेवर आपटला. म्हटलं, "कोण आहे तो? यायला वेळ नाही, फोन करायला वेळ नाही, आणि तुझ्याच खात्यातून तुला बाहेर काढतो? आत्ताच्या आत्ता पासवर्ड बदल. दे, मी बदलते. काढून टाक त्याला."

मी फोन घ्यायला हात पुढे केला. त्यानं माझा हात धरला. त्याची बोटं थंड होती.

"अड्याळचाच असन," तो म्हणाला. "या टायमाले त्याचीच सुट्टी रायते."

"मग? काढून टाक."

"नको न ताई. राहू दे. कोणीतरी येऊन राह्यला."

माझा हात सोडून त्यानं रिमोट छातीवर ठेवला आणि त्या पाटीकडे बघत पडून राहिला, आपला नंबर यायची वाट बघत.